नुसरेतियेचा दुसरा इंजिनियर

२२ मार्च १९१५

तुर्कांचं जहाज बुडालं! आपल्याच किनाऱ्यासमोर! आणि आपण बोटही न उचलता!

आपणच पेरलेल्या सुरुंगावर येऊन चढलं म्हणे. ऑक्टोबरात हेच लोक ओदेसाच्या बंदरावर गोळे टाकून गेले, तेव्हा आपले तोफवाले झोपले होते. काल पहाटेही झोपलेलेच असणार. सुरुंग तेवढा बिचारा जागा होता.

फ्रेयदा माशांची टोपली तशीच टाकून दुकानात आली. "स्मारो, चल! तुर्क बुडतायत आणि बघायला फुकट आहे!" गेलो. अर्धं शहर कड्यावर. सूर्यफुलाच्या बिया सोलत, पोरांना खांद्यावर घेत. जहाज फार खोल गेलेलं नाही. तळाला टेकलंय. धुरांडी आणि डोलकाठ्या वर — आंघोळीला बसलेल्या बाईचं डोकं दिसावं तसं. सोबतची तुर्की जहाजं बहुतेक खलाशांना उचलून पळाली. उरलेले काही आपल्या कोळ्यांनी जाळ्यात धरून आणले. फ्रेयदा म्हणते, यंदाच्या हंगामातला हाच मोठा मासा.

जहाजाचं नाव नुसरेतिये. संध्याकाळपर्यंत बाजारात त्याचं 'न्युस्का' झालं होतं. न्युस्का म्हणजे आमच्याकडे धुणं धुणारी कुणीही पोरगी.

२५ मार्च

फौजदार आला. नेहमीप्रमाणे तीन कप कॉफी प्यायला आणि मग म्हणाला की मी शत्रूची प्रजा आहे.

"जन्म कुठला?" — इस्तंबूल, तिथल्या ग्रीकांतला. नऊ वर्षं रोज येतोय, माहीत नाही का त्याला? "नवऱ्याने तुमचे रशियन कागद का केले नाहीत?" — मेला. "त्याआधी?" — त्याआधी पीत होता.

मला आतल्या मुलखात धाडणार आहेत. पेन्झाला. मी विचारलं, तिथे समुद्र कुठे आहे? म्हणाला, नाही. समुद्र नाही, मग लोक संध्याकाळी कशाकडे बघत बसतात?

लढाई लागल्यावर दुकानावरचं 'तुर्की कॉफी' पुसून मी 'ग्रीक कॉफी' लिहिलं. तेच भांडं, त्याच बिया, तोच गाळ. आता मला पुसून काय लिहिणार?

२ एप्रिल

बंदरात बोलावणं. कर्नल जारुद्नी म्हणून आरमाराचा इंजिनियर आहे. मोठ्या मिशा, ओले बूट, झोप न झालेला चेहरा. न्युस्काला वर काढायची आहे! काढून, धुऊनपुसून, तुर्कांवरच सोडायची. पकडलेल्यांत एक तुर्क इंजिनियर सापडलाय, पण त्याची भाषा कुणाला येत नाही. मी दुभाष्याचं काम केलं तर पेन्झा टळेल. कर्नल म्हणाला, "स्मारागदा पांतेलेयेव्ना, तुम्हाला यंत्रांतलं काही कळतं?" म्हटलं, कॉफीची चक्की दुरुस्त करते.

कैद्याला आणलं. हडकुळा, नाक केवढं तरी, अंगात कुणाचा तरी कोट. नाव इद्रिस. रिझेचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या पलीकडच्या डोंगरातला लाझ. लाझ लोकांची नाकं आणि थापा दोन्ही लांब, असं माझी आई म्हणायची.

कर्नलने विचारलं, जहाजावर हुद्दा काय? मी तुर्कीत विचारलं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "दुसरा इंजिनियर." आणि न थांबता, त्याच चेहऱ्याने, त्याच आवाजात — "ताई, खरं म्हणजे मी न्हावी आहे. जहाजावरचा. इंजिनियर म्हटलं तर इथे ठेवतील, न्हावी म्हटलं तर सैबेरिया. मला थंडी सोसत नाही. हसू नकोस. आता काहीतरी लांबलचक सांग, मी बराच वेळ बोललोय."

मी हसले नाही. देवाशप्पथ, ओठ चावले. मग सांगितलं — अकरा वर्षं नोकरी, बॉयलर अमेरिकेचे, प्रत्येक नळी आईच्या चुलीसारखी ओळखीची.

कर्नलने सगळं लिहून घेतलं. "तपशिलाचा माणूस दिसतो."

का केलं मी हे? पेन्झा. दुसरं काय?

९ एप्रिल

तराफ्यावर दिवसभर. वारा, डांबर, पाणबुड्यांच्या शिव्या. पाणबुडे खाली जातात, भोकं बुजवतात, वर येऊन गोठलेल्या हातांनी चहा पितात.

आज त्यांनी आतून पितळी पाट्या उखडून आणल्या. कर्नलने मोठ्या आशेने माझ्यापुढे धरल्या. तुर्की नाहीच! इंग्रजी! जहाज बांधलं अमेरिकेत आणि तुर्कांनी पाट्यासुद्धा बदलल्या नव्हत्या. म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही माहीत नव्हतं कुठला दांडा कशाचा! एका धान्याच्या व्यापाऱ्याकडची इंग्रज मास्तरीण बोलावली. ती नाकाला रुमाल लावून आली, पहिली पाटी वाचली — "हात लावू नये" — आणि निघून गेली.

कर्नल इद्रिसकडे वळला. इद्रिस माझ्याकडे बघून म्हणाला, "विचार त्याला, त्याच्या मिशा कोण कापतं? डावी बाजू खाली आलीय." मी म्हटलं, "आधी पुढची खोली रिकामी करा म्हणतो." पुढची का? समोर दिसत होती म्हणून!

ते जमलं. पुढचा भाग वीतभर उचलला गेला. मला घरी येऊन झोप लागेना. माझ्या हातून लढाऊ जहाज वर येतंय.

१८ एप्रिल

इद्रिसला पाव आणि तळलेले गोबी मासे नेले. काटेसुद्धा खाल्ले. म्हणाला, "ताई, आपल्या दोघांत मिळून एक इंजिनियर पुरा होत नाही." म्हटलं, कर्नलला धरलं तर होईल. म्हणाला, "त्याला धरू नकोस, उणे होईल."

३ मे

सत्यानाश.

सगळं बुजवून झालं होतं. पंप लावले. न्युस्का हळूहळू वर — डेक दिसला, तोफा दिसल्या, शेवाळ, शिंपले. बंदरावर लोकांनी टोप्या उडवल्या. कर्नलने विचारलं, आता आतलं उरलेलं पाणी कुठून सोडायचं? इद्रिस झपझप खाली उतरला आणि एका तांबड्या दांड्यावर हात ठेवला. हा.

उघडला. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत आलं! असं आलं की माणसं चिमण्यांसारखी वर उडाली. आणि न्युस्का परत खाली बसली. तशीच, धुरांडी वर काढून.

कर्नल पांढरा पडला होता. "विचारा त्याला! विचारा!!"

इद्रिस म्हणाला, "न्हाव्याला काय कळतंय, ताई? दांडा देखणा होता."

आणि मी — माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे — म्हटलं, "अमेरिकेत झडपा उलट्या फिरतात म्हणतो."

कर्नलने ओली टोपी पिळली. मग म्हणाला, "शक्य आहे. त्यांचं सगळंच उलट असतं."

पाणबुड्यांनी इद्रिसला बुडवायचं ठरवलं होतं. मी मध्ये उभी राहिले. तो मात्र तराफ्याच्या टोकाला बसून शीळ घालत होता. निर्लज्ज!

४ मे

फ्रेयदाला राहवेना, विचारलंच तिने, "त्या गाढवाला अजून का ठेवलाय?" कारण कर्नलने वर कळवून टाकलंय — पकडलेल्या तुर्क इंजिनियरच्या मदतीने काम जोरात. ॲडमिरलने त्यावर 'शाब्बास' लिहून पाठवलं. आता शाब्बास परत कसं करणार?

फ्रेयदा म्हणाली, "म्हणजे तो न्हावी असता तरी त्यांना चालला असता." माझ्या हातातली बशी फुटली.

१६ मे

बाभळी फुलल्यात. बंदरातसुद्धा वास येतो, डांबराच्या वरून.

पंप बंद होते. इद्रिसने विचारलं, ताई, इस्तंबूलची कुठली? म्हटलं, ताताव्ला. टेकडीवरची. बहीण देस्पिना अजून तिथेच. लढाई लागल्यापासून काही कळलं नाही, जिवंत की मेली. तो म्हणाला, "चर्चच्या खालच्या गल्लीत? नवरा जाडा? योर्गोस?"

मी त्याची बाही धरली.

"त्याच्या कानातले केस मी कापायचो! गोदीजवळ माझं दुकान होतं ना, आरमारात यायच्या आधी. दर शनिवारी यायचा आणि बायकोच्या तक्रारी सांगायचा. गेल्या सप्टेंबरात आलेला. थोरलीचं लग्न ठरलं म्हणाला. आरशाच्या व्यापाऱ्याशी."

देस्पिनाच्या आनाचं लग्न! माझा परकर धरून चालायची ती! मी तिथेच, दोरखंडांवर बसून रडले. कर्नल धावत आला. "काय झालं? काय म्हणतोय तो?"

"पंपाचं," मी म्हटलं. "पंपाचं काहीतरी."

१७ मे

आज पुन्हा विचारलं. आरशाचा व्यापारी उंच आहे, तोतरा आहे, चांगला आहे. देस्पिनाने पडदे बदलले. निळे.

२ जून

वर आली! खरंच आली! दोन बाजूंनी तराफे बांधून, ओढून, शिव्या घालून आली. बँड वाजला. सहा खलाशी चिखलात पडले. कप्तानाच्या न्हाणीत परातीएवढा खेकडा निघाला — कर्नल म्हणाला, हा एकटाच ड्यूटीवर हजर होता.

पाद्री आला. तुर्की जहाजाला पवित्र पाणी शिंपडून नवं नाव दिलं, 'लार्गा' — कुठल्या तरी जुन्या लढाईचं, जिथे आपण तुर्कांना हरवलं होतं. फ्रेयदा मोठ्याने म्हणाली, "अहो फादर, इतकं पाणी आधीच आत आहे, आणखी कशाला?" लोक हसले. पाद्रीही हसला. फौजदार हसला नाही.

इद्रिस रडत होता. नाकाच्या दोन्ही बाजूंनी, पुसायचंही भान नाही. मी जवळ गेले. म्हणाला, "माझे वस्तरे आत होते, ताई. जर्मन पोलादाचे."

एवढं वस्तऱ्यांसाठी? पुरुषाचं काही सांगता येत नाही.

२० जुलै

न्युस्का गोदीत. (लार्गा कुणी म्हणत नाही.) तुर्की तोफा काढून आपल्या बसवताहेत. आत भयंकर उकाडा. इद्रिस बॉयलरच्या नळ्या दाखवत फिरतो — ही खोला, ती बदला, ही राहू द्या. गोदीतले लोक खोलतात, बदलतात, पुन्हा खोलतात. एप्रिलमध्ये कर्नल म्हणाला होता, जुलैअखेर जहाज समुद्रावर. आता म्हणतो, सप्टेंबरअखेर.

इद्रिस तोंडाला येईल ते बोलतो आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगते. कधी मी सांगते त्याच्याहून वेगळं तो हाताने दाखवतो. लोक हातावर विश्वास ठेवतात. बरंच आहे. मला तरी काय कळतंय?

११ ऑगस्ट

घाबरून अर्धी झाले आज.

सकाळी कर्नलच्या खोलीत गेले तर कर्नल खुर्चीत मान मागे टाकून, गळ्याभोवती टॉवेल, तोंडभर फेस — आणि इद्रिस वस्तरा चालवतोय! कसा चालवतोय! जणू लोण्यावरून. मिशीची डावी बाजू वर घेतली, कल्ले सारखे केले, गरम फडकं, थापटी. मूर्ख! मी दारातच खिळले.

इद्रिस बादली घेऊन गेला. कर्नल आरशात बघत म्हणाला, "स्मारागदा पांतेलेयेव्ना, मी पुष्कळ इंजिनियर पाहिले. एकालाही मिशी कापता येत नव्हती."



"मी काही विचारत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हीही काही सांगू नका. ॲडमिरलला मी इंजिनियर कळवलाय. त्यामुळे तो इंजिनियरच आहे. शुक्रवारी पुन्हा पाठवा, मानेवरचे राहिलेत."

म्हणजे सुरुवातीला दोन लबाड होते, आता तीन झालो! घरी येऊन एकटीच हसले. मग दार लावून देवापुढे मेणबत्ती लावली. संत निकोलाय खलाशांचा आहे, लबाडांचाही असावा.

२९ ऑगस्ट

आना म्हणे चर्चमध्ये हसत सुटली लग्नात. आमच्या घराण्यातच आहे ते. योर्गोसने नवा कोट शिवला, बटणं लागेनात. — इद्रिसला हे कसं माहीत, लग्न तर तो समुद्रावर गेल्यावरचं? विचारलं. म्हणाला, "कोट आधी शिवला, ताई. लग्न मी डोळ्यांपुढे आणलं." आणलं तर आणलं. मला चाललं.

हल्ली जाताना केस नीट करते. फ्रेयदाने पाहिलं. काही बोलली नाही, हे तिचं पहिल्यांदाच!

२१ सप्टेंबर

ॲडमिरलची स्वारी. रंगाचा वास, पितळ चकचकीत, आम्ही रांगेत. ॲडमिरल इद्रिससमोर थांबला. "जहाज डावीकडे किंचित झुकतं. का?"

इद्रिसने सासूची एक गोष्ट सांगितली. लिहिण्यासारखी नाही. मी भाषांतर केलं, "कोळसा भरताना उजवीकडे जास्त टाकावा." ॲडमिरल खूश! पाठ थोपटली! आणि हुकूम दिला — असा माणूस किनाऱ्यावर कशाला वाया घालवता? पहिल्याच मोहिमेला यंत्रखान्यात घ्या. दुभाषी बाईंकडून आधी कामाचे शब्द शिकवून घ्या.

मोहीम कुठली, ते ॲडमिरलच्या लेफ्टनंटने मागाहून सांगितलं. पलीकडचा किनारा. रिझे आणि आजूबाजूची गावं.

मी हे इद्रिसला तुर्कीत सांगितलं. एक शब्दही न बदलता. त्याचं तोंड तसंच हसरं राहिलं, फक्त आतला माणूस निघून गेला.

२३ सप्टेंबर

तो म्हणाला, "किनाऱ्यालगत माझ्या बापाचं घर आहे. जहाजावरून छप्पर दिसतं."

म्हटलं, तू थोडाच तोफ डागणार?

"मी जहाज तिथवर नेणार. ते कमी आहे?"

मग म्हणाला, खरं सांगून टाकतो. न्हावी आहे म्हणतो. सैबेरिया तर सैबेरिया.

"आणि मी? मी सहा महिने काय भाषांतर केलं, असं विचारतील ना!"

"सांगेन की ही बाई काही जाणत नव्हती. तिलाही फसवलं."

"ते सांगणार कसा? रशियनमध्ये? मला वाचवायला मीच बोलायचं?"

दोघंही हसलो. मग हसू थांबलं. त्याने माझा हात धरला. चांगला घट्ट. पहिल्यांदा 'ताई' न म्हणता म्हणाला, "स्मारो, जसं बोलेन तसंच सांग. या एका वेळेला."

२६ सप्टेंबर

सांगितलं.

गोदीतली मोठी खोली. कर्नल, ॲडमिरलचा लेफ्टनंट, दोन बंदूकवाले. इद्रिस म्हणाला, "मी इंजिनियर नाही. न्हावी आहे. सगळ्यांना फसवलं. या बाईलाही." मी सांगितलं. तसंच. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

लेफ्टनंट हसत सुटला! "तुर्कांना विनोद येतो! न्हाव्याने जहाज वर काढलं?" कर्नल खिडकीबाहेर बघत होता. लेफ्टनंट म्हणाला, घाबरलाय, काम टाळतोय, न्यायचंच. सहा महिने खोटं बोललो, प्रत्येक शब्द खरा मानला. एक खरं बोललो तर विनोद!

इद्रिस म्हणाला, "वस्तरा द्या. दाखवतो."

"कोणावर?" लेफ्टनंटने विचारलं आणि लगेच कळलं त्याला, कोणावर. सगळे त्याच्याकडेच बघत होते. नाही म्हणता येईना बिचाऱ्याला. कॉलर काढली, बसला. बंदूकवाल्यांनी बंदुकांचे घोडे चढवले. ते 'खट्' झाल्यावर खोलीत फक्त फेसाचा आवाज.

शत्रूचा गळा, हातात उघडं पातं, आणि उद्या हाच माणूस त्याच्या बापाच्या घरावर गोळे टाकायला निघणार. मी इद्रिसकडे बघत होते. कपाळावर घाम. पातं हनुवटीखाली गेलं, गळ्याच्या त्या उंचवट्यावर क्षणभर थांबलं. लेफ्टनंटचे डोळे छताला. मला ओरडावंसं वाटलं, भाषा सुचेना.

मग पातं पुढे सरकलं. गुळगुळीत. गरम फडकं. थापटी.

लेफ्टनंटने गालावरून हात फिरवला. दोनदा. हळूच म्हणाला, "हा न्हावीच आहे."

कर्नल तोवर वळला होता. मोठ्याने ओरडला — फसवणूक! दगा! आणि ही बाई? हिला यंत्रांतलं काय कळणार, चक्की सोडून! जे ऐकलं ते हिने सांगितलं! असा ओरडला की लेफ्टनंटनेच त्याला पाणी दिलं. देव त्याचं भलं करो, थापाड्याचं.

१ ऑक्टोबर

कैद्यांची गाडी. सैबेरिया नाही! ताश्कंदकडे. ऊन आहे तिथे. स्टेशनवर जाऊ दिलं कर्नलने. पाव दिला, हलवा दिला, नवऱ्याची लोकरी बंडी दिली. इद्रिसला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं. "स्मारो, मी —" आणि शिट्टी झाली. मग म्हणाला, "पडदे निळेच आहेत, अगदी खात्रीने." आणि हसला.

कड्यावरून घरी आले. गार वारा.

२० ऑक्टोबर

लार्गा मोहिमेवर निघाली. बँड, ध्वज.

२२ ऑक्टोबर

लार्गा परत आली. ओढत आणली. बॉयलर.

१४ नोव्हेंबर

पुन्हा निघाली. पुन्हा ओढत आणली. आता दुसराच बॉयलर. कर्नलच्या मिशा पुन्हा डावीकडे उतरल्यात. म्हणतो, एक नळी सुधारली की दुसरी जाते, कुणी शाप दिल्यासारखं. फ्रेयदा म्हणते, पवित्र पाणी गंजवतं.

९ फेब्रुवारी १९१६

शेवटी पोचली एकदाची. वर्तमानपत्रात आहे, रिझेच्या किनाऱ्यावर गोळे टाकले. मी दुकान उघडलं नाही.

दुपारी कर्नल मागच्या दाराने आला. टोपी हातात. कॉफी घेतली नाही. म्हणाला, "उशीर झाला आम्हाला. गावं रिकामी होती. लोक शरदातच डोंगरात निघून गेले होते. घरं पडली, माणसं नाहीत." मग म्हणाला, "हे मी वाईट बातमी म्हणून सांगायला हवं खरं."

मी त्याला बसवलं. कॉफी पाजलीच.

मार्च १९१७, तारीख कोण बघतो

झार गेला. फौजदार पळाला, माझ्या तीन कपांचे आभार न मानता. न्युस्कावर लाल झेंडा. खलाशांनी सभा घेऊन तिचं नाव 'स्वातंत्र्य' ठेवलं. कोळसा नाही म्हणून स्वातंत्र्य धक्क्यालाच बांधून ठेवलंय.

१२ डिसेंबर १९१७

पाव नाही. कॉफी भाजलेल्या बार्लीची. तिला तुर्की, ग्रीक काहीच म्हणवत नाही.

३० मार्च १९१८ (नव्या तारखेने. सरकारने मधले तेरा दिवस खाल्ले, तेही खाण्यासारखं काही नसताना!)

आता ऑस्ट्रियन आले, जर्मन आले. बूट स्वच्छ, चेहरे भुकेले. कर्नल जारुद्नी साध्या कोटात फिरतो, घड्याळं दुरुस्त करतो. एक माझंही केलं. मागे जातं.

१९ मे

जर्मनांनी न्युस्का तुर्कांना परत दिली! खलाशांनी ती सेवास्तोपोलला पळवली होती, तिथे धरली आणि दिली. नुसरेतिये पुन्हा नुसरेतिये. तिचं तरी ठरलं. आम्ही कोणाचे, ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

६ जून

धान्य भरायला आली आहे, इथेच, बंदरात. चंद्रकोरीच्या झेंड्याखाली. कड्यावर गर्दी. बिया सोलणं तेच.

७ जून

एक तरुण तुर्क अधिकारी दुकानात आला. माझं तुर्की ऐकून खुलला. मी भांडं आगीवर ठेवलं आणि पाठमोरीच विचारलं — तुमच्या जहाजावरचा इद्रिस, रिझेचा, मोठ्या नाकाचा, काही कळलं का त्याचं?

"इद्रिस एफेंदी? जिवंत आहेत! इराणच्या वाटेने पायी परत आले गेल्या हिवाळ्यात. इस्तंबूलच्या गोदीत आमची वाट बघताहेत. हे बॉयलर त्यांच्याशिवाय कुणाला सुधारता येत नाहीत."

"बॉयलर? न्हाव्याला?"

"कुठला न्हावी? आमच्या जहाजावर न्हावी नव्हताच, बाई. आम्ही एकमेकांच्या दाढ्या करायचो. इद्रिस एफेंदी आमचे दुसरे इंजिनियर."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. तांबडा दांडा, खोललेल्या नळ्या, निळे पडदे — आणि ताताव्लात दर दुसरा नवरा योर्गोसच असतो! कॉफी उतू गेली.